शिक्क्यांनी थर आणि पोत कसे रचावेत: मिक्स्ड मीडिया चित्रकलेत नव्याने येणाऱ्यांसाठी

शिक्का हातात घेतला की तो पूर्ण, स्वच्छ आणि ठळक उमटावा अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे, आणि शुभेच्छापत्र करताना ती योग्यही आहे. मिक्स्ड मीडिया चित्रात, म्हणजे रंग, शाई, कागद अशी वेगवेगळी माध्यमे एकत्र वापरलेल्या चित्रात, मात्र शिक्क्याकडून वेगळेच काम करून घ्यायचे असते. पृष्ठभागावर बारीक हालचाल निर्माण करणे, एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना नजरेला आधार देणे आणि पुढच्या थरांना काहीतरी झाकायला व काहीतरी उघडे ठेवायला देणे, ही ती कामे होत. त्यामुळे अर्धाच उमटलेला, वरच्या रंगाखाली निम्मा बुडालेला ठसा येथे पुष्कळदा पूर्ण ठशापेक्षा अधिक उपयोगी पडतो. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स याने १९१९ मध्ये कचेरीतल्या रबरी शिक्क्यांचे ठसे आणि रेखाटन एकत्र करून चित्रे केली. पुढे १९५० च्या दशकात आर्मान या कलाकाराने फ्रान्समध्ये अशाच शिक्क्यांच्या ठशांनी कागद भरून टाकले. एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटला की त्यातला मजकूर मागे पडतो आणि वीण पुढे येते, आणि या लेखात आपल्याला तीच वीण हवी आहे.

येथे साधारण २० × २० सेंमी आकाराचे एक चित्र तळापासून वार्निशपर्यंत कसे न्यावे, हे क्रमाने सांगितले आहे. आकार मुद्दाम लहान घेतला आहे. मोठ्या पृष्ठभागावर पहिला थर वाळेपर्यंतच नवशिक्याचा धीर सुटतो.

शिक्के निवडताना

बाजारात मिळणारे शिक्के मुख्यतः तीन जातींचे असतात. रबराचे शिक्के लाकडी ठोकळ्यावर किंवा मऊ गादीवर बसवलेले असतात. ते बारीक रेघा नीट उमटवतात आणि जवळजवळ सर्व शाया व रंग सहन करतात. फोटोपॉलिमरचे पारदर्शक शिक्के ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरायचे असतात आणि त्यांतून आरपार दिसत असल्यामुळे ठसा नेमका कोठे पडणार हे आधी कळते. पण उन्हात ठेवल्यास ते पिवळे पडतात आणि सॉल्व्हंटयुक्त शाया व क्लीनर वारंवार वापरल्यास खराब होतात. फोमचे शिक्के मोठे, ढोबळ आकार ॲक्रिलिक रंगाने उमटवण्यासाठी उत्तम. बारकाव्याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. नव्या पारदर्शक शिक्क्यावर शाई पसरण्याऐवजी थेंबाथेंबाने गोळा होत असेल, तर त्याच्या पृष्ठभागावरून साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे. वरचा तेलकटपणा निघतो आणि शाई सारखी बसते.

शिक्क्यावर काय कोरलेले आहे, हे तो कशाचा बनला आहे यापेक्षा महत्त्वाचे असते. सुविचार, फुलपाखरे, सजवलेले हृदय असे शिक्के पटकन आवडतात आणि थरांच्या कामात पटकन निरुपयोगी ठरतात, कारण ते कोठेही उमटवले तरी स्वतःकडेच लक्ष वेधून घेतात. त्यापेक्षा जाळी, ठिपके, समांतर रेघा, तडे, पानांच्या शिरा, न वाचता येणारे हस्ताक्षर असे विषय नसलेले नमुने घ्यावेत. सुरुवातीला तीन शिक्के पुरतात, मात्र तिघांच्या विणीचा आकार वेगवेगळा हवा. एक मोठ्या, मोकळ्या नमुन्याचा, एक मध्यम आणि एक अगदी बारीक. तिन्ही शिक्के सारख्याच जाडीच्या रेघांचे असले, तर कितीही थर दिले तरी चित्र सपाट दिसते.

शिक्के विकत घेतलेच पाहिजेत असेही नाही. पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून काढला की समांतर रेघांचा सुंदर शिक्का मिळतो. बुडबुड्यांचे पॅकिंग प्लास्टिक, बाटलीचे झाकण, लाकडी ठोकळ्याभोवती अनियमितपणे गुंडाळलेली सुतळी, पुठ्ठ्याची उभी धार या सगळ्यांचे ठसे थरांमध्ये विकतच्या शिक्क्याइतकेच चालतात, आणि त्यांच्यात छापील सफाईदारपणा नसल्यामुळे पुष्कळदा अधिक शोभतात. मऊ खोडरबर किंवा कोरण्यासाठी मिळणारा रबरी ठोकळा असेल, तर इंग्रजी व्ही आकाराच्या टोकाच्या कोरणीने स्वतःचा नमुनाही कोरता येतो. कोरणी नेहमी धरलेल्या हातापासून दूर ढकलावी, वळणावर कोरणी न फिरवता ठोकळा फिरवावा, आणि अक्षरे कोरायची असतील तर ती आरशात दिसतात तशी उलटी कोरावीत.

शाई: येथे थोडे थांबावे

नवशिक्यांची चित्रे रंगसंगतीमुळे बिघडतात त्यापेक्षा अधिक शाईच्या निवडीमुळे बिघडतात, असे माझे मत आहे. काळजीपूर्वक उमटवलेल्या ठशावरून ओला कुंचला फिरतो आणि सारा ठसा राखाडी डागात बदलतो, याचे कारण हाताच्या कौशल्यात नसून शाईच्या जातीत असते.

डाय शाईत रंगद्रव्य विरघळलेले असते. ती कागदात मुरते आणि लवकर वाळते, परंतु पाणी लागताच बहुतेक वेळा पुन्हा हलते, आणि उजेडात कालांतराने फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ती पृष्ठभागावर बसते, रंग दाट देते, पण सावकाश वाळते. ॲक्रिलिक रंगासारख्या न शोषणाऱ्या थरावर ती बराच काळ ओलसर राहू शकते आणि बोट लागताच पुसली जाते. आर्काइव्हल किंवा पर्मनंट या नावाने मिळणाऱ्या शाया वाळल्यानंतर पाण्याने हलत नाहीत, म्हणून मधल्या थरांसाठी त्या सर्वांत भरवशाच्या. सॉल्व्हंट शाई काच, धातू, प्लास्टिक आणि ॲक्रिलिकच्या गुळगुळीत थरावरही पकड घेते. तिला वास असतो, त्यामुळे खोलीत हवा खेळती ठेवावी. शेवटची जात म्हणजे वॉटरमार्क शाई. ती जवळजवळ रंगहीन आणि चिकट असते व एम्बॉसिंग पावडर, म्हणजे उष्णतेने वितळून ठसा उठावदार करणारी भुकटी, धरून ठेवण्यासाठी वापरली जाते.

हे सर्व पाठ करण्यापेक्षा एक पट्टी तयार करावी. जाड कागदाच्या पट्टीच्या अर्ध्या भागावर जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर) आणि उरलेल्या अर्ध्या भागावर ॲक्रिलिक रंग लावून तो वाळू द्यावा. मग आपल्याकडे असलेल्या प्रत्येक शाईचा एकेक ठसा दोन्ही भागांवर उमटवून खाली पेन्सिलीने शाईचे नाव लिहावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठशाच्या अर्ध्या भागावरून ओला कुंचला दोन-तीनदा फिरवावा. कोणता ठसा जागचा हलला नाही, कोणता पसरला आणि कोणता चोवीस तासांनंतरही ओलाच आहे, हे त्या पट्टीवर कायमचे नोंदले जाते. ती पट्टी टेबलाजवळ टांगून ठेवावी. डब्यावरच्या लेबलापेक्षा ती जास्त खरे सांगते, कारण ती आपल्याच जेसोवर आणि आपल्याच रंगावर केलेली असते.

एवढे पाहूनही पहिल्या खरेदीत एक काळी आणि एक गडद तपकिरी किंवा राखाडी अशा दोनच पर्मनंट शाया घ्याव्यात. बाकीच्या रंगांसाठी ॲक्रिलिक रंगच शाईसारखा वापरता येतो. त्यासाठी काचेवर किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर थोडा रंग घेऊन छोट्या रोलरने त्याचा अगदी पातळ, सारखा थर पसरावा आणि तोच रोलर शिक्क्यावरून फिरवावा, किंवा मेकअपच्या स्पंजने रंग शिक्क्यावर टिपून लावावा. शिक्का रंगात बुडवू नये. खाचा भरतात आणि ठशाच्या जागी नुसता गोळा उमटतो. ॲक्रिलिक रंग शिक्क्यावर वाळला की तो काढणे फार कठीण जाते, म्हणून पाण्याचे भांडे शेजारी ठेवून शिक्का वापरताच त्यात टाकावा. लाकडी ठोकळ्याचे शिक्के मात्र बुडवू नयेत, कारण लाकूड फुगते आणि रबर सुटते. ते ओल्या फडक्याने लगेच पुसावेत.

पृष्ठभाग तयार करणे

३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद, कॅनव्हास बोर्ड किंवा लाकडी फळी यांपैकी काहीही चालेल. त्याहून पातळ कागद पाण्याने आणि पेस्टच्या वजनाने वाकतो. कॅनव्हासची वीण बारीक शिक्क्याच्या रेघा तोडते, हे लक्षात घेऊन बारीक नमुना वापरायचा असेल तर गुळगुळीत फळीला प्राधान्य द्यावे. कागद घेतल्यास चारही कडा टेपने पाटीवर चिकटवाव्यात.

त्यावर जेसोचे दोन पातळ हात द्यावेत, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. जेसोमुळे पृष्ठभाग कमी शोषतो आणि त्याला किंचित खरखरीतपणा येतो, त्यामुळे पुढचे रंग पकड घेतात. अधिक सफाई हवी असल्यास वाळलेल्या जेसोवर बारीक पॉलिशपेपर फिरवावा. त्या वेळी नाकावर मास्क असावा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

जेसो वाळल्यावर कागदाचे काही फाटलेले तुकडे मॅट मीडियमने (ॲक्रिलिकचे रंगहीन, चमक नसलेले माध्यम) चिकटवावेत. छापील मजकूर, नकाशा, जुना हिशेबाचा कागद, पातळ नॅपकिनचा वरचा पदर, काहीही चालते. तुकड्यांच्या खाली आणि वर, दोन्हीकडे मीडियम लावले तर हवा अडकत नाही. तुकडे कात्रीने न कापता फाडावेत, कारण फाटलेली धार रंगाखाली मुरून जाते आणि कापलेली धार शेवटपर्यंत सरळ रेघ म्हणून डोळ्यांत भरते. पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग कागदाने झाकू नये.

रंग आणि पहिले ठसे

आता एकमेकांच्या जवळचे दोन-तीन ॲक्रिलिक रंग पाणी घालून पातळ करावेत आणि पृष्ठभागावर मोकळेपणाने पसरवावेत. उदाहरणार्थ निळा, हिरवट निळा आणि थोडा पांढरा. नारिंगी आणि निळा यांसारखे विरुद्ध रंग ओले असताना एकमेकांत मिसळले की मळकट होतात. ते हवेच असतील तर मधला थर पूर्ण वाळू द्यावा. वाळवण्यासाठी हेअर ड्रायर वापरता येतो, पण जाड रंगावर तो जवळ धरू नये.

पहिले ठसे मोठ्या नमुन्याचे आणि पार्श्वभूमीच्या रंगाहून फक्त किंचित गडद असावेत. येथेच पुष्कळ जण काळी शाई उचलतात आणि पुढची सगळी वाट अवघड करून ठेवतात, कारण तळाशी काळा ठसा बसला की त्यावरचा प्रत्येक थर त्याच्याशी झगडत राहतो. पार्श्वभूमीच्याच निळ्यात थोडा गडद निळा मिसळून तो रोलरने शिक्क्यावर लावावा. कागदावर काम करत असाल तर खाली मऊ पॅड ठेवावे. शिक्का सरळ खाली न्यावा, बोटांनी सगळीकडे सारखा दाब द्यावा आणि न डुलवता सरळ उचलावा. कागदाचे तुकडे चिकटवल्यामुळे पृष्ठभाग उंचसखल झाला असेल तेथे पारदर्शक शिक्का ठोकळ्याशिवायच हातात घ्यावा आणि खळग्यांमध्ये बोटाने दाबावा.

दुसरा ठसा पुन्हा रंग न लावता त्याच शिक्क्याने उमटवून पाहावा. तो फिका येतो आणि तिसरा त्याहून फिका येतो. ठसा असा विरत गेल्यामुळे एकाच रंगातून खोलीच्या तीन पातळ्यांचा आभास मिळतो, आणि त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. ठसे ओळीने मांडू नयेत. शिक्का दरवेळी थोडा फिरवावा, काही ठसे कडेबाहेर जाऊ द्यावेत, काही फक्त कोपऱ्याने उमटवावेत आणि त्यांचे दोन-तीन वेडेवाकडे पुंजके करून मधली जागा रिकामी सोडावी. ती जागा पुढे लागणार आहे.

झाकणे आणि पुन्हा उघडणे

थर रचणे म्हणजे एकावर एक उमटवत जाणे, हा समज अपुरा आहे. प्रत्येक उमटवण्यानंतर थोडे झाकणे आले, तरच खोली निर्माण होते. पहिले ठसे वाळल्यावर जेसो पाण्याने दुधासारखा पातळ करून काही भागांवर फिरवावा आणि लगेच ओलसर फडक्याने निम्मा पुसून घ्यावा. खालचे ठसे धुक्याआड गेल्यासारखे दिसू लागतात. रंगीत पडदा हवा असेल, तर ॲक्रिलिक रंगात ग्लेझिंग मीडियम मिसळावे. पांढऱ्याच्या बाबतीत टायटॅनियम व्हाइट झाकतो आणि झिंक व्हाइट बराचसा पारदर्शक राहतो, हा फरक उपयोगी पडतो.

उमटवण्याच्या उलट अशी एक कृतीही येथे शिकून घ्यावी. वाळलेल्या थरावर वेगळ्या रंगाचा पातळ, ओला थर द्यावा आणि तो ओला असतानाच कोरडा, स्वच्छ फोमचा शिक्का त्यावर दाबून उचलावा. शिक्का आपल्याबरोबर थोडा रंग घेऊन येतो आणि त्या जागी खालचा रंग उघडा पडतो. उचललेला रंग पुसून टाकण्यापूर्वी तोच शिक्का चित्राच्या दुसऱ्या भागावर दाबला, तर तेथे त्याच आकाराचा फिका ठसा मिळतो. एका ठिकाणी उणे आणि दुसऱ्या ठिकाणी अधिक, असे हे आकार चित्राचे दोन भाग आपोआप जोडतात. रंग फार लवकर वाळत असेल, तर त्यात वाळणे लांबवणारे रिटार्डर मीडियम उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे किंवा हवेत पाण्याचा बारीक फवारा मारावा.

प्रत्यक्ष उंचवटा: मॉडेलिंग पेस्ट

आतापर्यंतचा पोत डोळ्यांना दिसणारा होता. आता हाताला लागणारा पोत करायचा आहे. मॉडेलिंग पेस्ट ही ॲक्रिलिक माध्यमात संगमरवराची भुकटी यांसारखी खनिजे मिसळून केलेली असते आणि वाळल्यावर कडक होते. पॅलेट नाइफने ती सुमारे २ मिमी जाडीने, पृष्ठभागाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर पसरावी. सगळीकडे उंचवटे केले, तर उंचवटा कोठेच जाणवत नाही.

या कामाला खोल खाचांचा शिक्का लागतो. बारीक रेघा पेस्टमध्ये बुजून जातात. शिक्क्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा, म्हणजे पेस्ट त्याला धरून बसत नाही. आधी एका कोपऱ्यात हलकेच दाबून पाहावे. शिक्का उचलताना पेस्ट टोकदार होऊन वर ओढली गेली, तर ती अजून फार ओली आहे असे समजावे. पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. वरची चमक जराशी उतरली की योग्य वेळ आली. आता शिक्का दाबला की किंचित रुतल्याची जाणीव होते, आणि सरळ उचलताच कडा स्वच्छ दिसतात. शिक्का त्याच क्षणी पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने घासावा, त्यात उशीर करू नये.

पेस्ट रात्रभर वाळू द्यावी. घाईने गरम हवा दिल्यास वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि आतून फुगे किंवा तडे येतात. पूर्ण वाळल्यावर गडद रंग पातळ करून तिच्यावर सोडावा आणि लगेच फडक्याने वरवर पुसावे. रंग खाचांमध्ये उरतो आणि उंचवटे उजळ राहतात. तो थर वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्यावर फिका रंग घेऊन फक्त उंचवट्यांवरून हलका हात फिरवावा. हे दोन हात दिले नाहीत, तर पेस्टमधला ठसा भिंतीच्या गिलाव्यासारखा निर्जीव राहतो.

टिश्यू पेपरवरचे ठसे

उंचसखल झालेल्या पृष्ठभागावर आता बारीक शिक्का नीट उमटणार नाही. त्यावर उपाय म्हणजे ठसा वेगळ्या कागदावर घेऊन तो चित्रावर आणणे. पांढऱ्या, पातळ टिश्यू पेपरवर पर्मनंट शाईने ठसे उमटवावेत. खाली जाड कागद ठेवावा, कारण शाई आरपार जाते. ठसे वाळल्यावर त्यांच्याभोवतीचा कागद ओल्या कुंचल्याने रेघ ओढून हळूच फाडावा. चित्रावर मॅट मीडियमचा पातळ हात देऊन तुकडा त्यावर ठेवावा आणि वरून पुन्हा मीडियम लावत मऊ कुंचल्याने मध्यापासून कडेकडे सपाट करावा. ओला टिश्यू लगेच फाटतो, म्हणून एकाच जागी कुंचला घासत राहू नये. मीडियम वाळले की कागद जवळजवळ पारदर्शक होतो आणि फक्त ठसा उरतो. डाय शाईने उमटवलेला ठसा मात्र मीडियम लागताच विरघळतो.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की चिकटवण्यापूर्वी तुकडा इकडेतिकडे सरकवून जागा ठरवता येते. थेट उमटवण्याचे धाडस होत नसेल, तर बराचसा वरचा थर याच पद्धतीने करावा.

एम्बॉसिंग केव्हा करावे

वॉटरमार्क शाईने ठसा उमटवायचा, त्यावर एम्बॉसिंग पावडर टाकायची, जादा पावडर झटकायची आणि हीट गनने वितळवायची, एवढीच ही कृती आहे. पावडर नको तेथे चिकटत असेल, तर आधी त्या जागेवर टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवावा. हीट गनची हवा फार तापलेली असते. ती एकाच जागी न धरता फिरवत राहावी, आणि पावडर चकचकीत दिसू लागताच थांबावे. खालचा ॲक्रिलिक थर पूर्ण वाळलेला नसेल तर त्यावर फोड येतात.

पारदर्शक पावडर वापरून वरून पातळ जलरंग फिरवला, तर वितळलेला ठसा रंग नाकारतो आणि त्यातून खालचा थर दिसत राहतो. यापेक्षा सोपा परिणाम शोधून सापडणार नाही. परंतु वितळलेल्या पावडरीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर साधी शाई पकड घेत नाही, आणि पुढे पुन्हा उष्णता दिली तर ती परत वितळते. म्हणून एम्बॉसिंग शेवटच्या दोन-तीन थरांतच ठेवावे.

आकार काढून घेणे

येथवर आल्यावर चित्र बहुधा फार गजबजलेले दिसते. हीच वेळ आहे थांबण्याची. फोनवर त्याचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. सगळे राखाडी दिसत असेल, तर रंग कितीही वेगळे असले तरी उजेड आणि गडदपणा यांत फरक उरलेला नाही असा त्याचा अर्थ होतो.

त्यावरचा माझा आवडता उपाय असा आहे. एखादा साधा आकार, उदाहरणार्थ पक्षी, सुरई किंवा पान, कागदावर कापून चित्रावर ठेवून पाहावा. ज्या जागी त्याच्या आत सर्वांत चांगले ठसे आणि पोत येतात, तेथे त्याची कड पांढऱ्या किंवा रंगीत पेन्सिलीने आखावी. मग आकाराच्या बाहेरचा बहुतेक भाग एकाच अपारदर्शक, शांत रंगाने झाकून टाकावा. इतक्या कष्टाने उमटवलेले ठसे झाकताना हात अडखळतो, हे खरे. पण झाकल्यावर आतली सारी गर्दी त्या पक्ष्याची पिसे किंवा त्या सुरईवरची नक्षी होऊन जाते. बाहेरचा रंगही सर्वत्र सारखा दाट लावू नये. काही ठिकाणी तो ओला असताना पुसून घ्यावा, म्हणजे खालचे पुंजके अंधुक दिसत राहतील आणि आकार पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखा वाटणार नाही.

आता काळी शाई वापरण्यास हरकत नाही. सर्वांत बारीक शिक्क्याचे तीन किंवा पाच गडद ठसे आकाराच्या एका बाजूला, जवळजवळ उमटवावेत. एक ठसा कडेवरून बाहेर जाऊ द्यावा. बाहेर जाऊ द्यायचा नसेल, तर आकाराभोवतीचा उरलेला कागद झाकण म्हणून कडेला लावून ठेवावा आणि ठसा त्याच्यावरून उमटवावा. काही ठशांच्या रेघा पेन्सिलीने किंवा पांढऱ्या पेनने थोड्या पुढे वाढवाव्यात. यंत्रवत ठसा आणि हाताची रेघ यांचा सांधा असा लपला की शिक्का कोठे संपला आणि रेखाटन कोठे सुरू झाले हे पाहणाऱ्याला सहज ओळखता येत नाही.

शिक्क्यांची निगा आणि वार्निश

पाण्यात विरघळणाऱ्या शायांसाठी ओले फडके पुरते. पर्मनंट आणि सॉल्व्हंट शायांसाठी त्यांचे क्लीनर लागते, आणि ते वापरल्यावर शिक्का पाण्याने धुवावा. शिक्क्यावर शाईचा डाग राहिला तरी बिघडत नाही, मात्र खाचांत वाळलेला रंग राहिला तर पुढचा प्रत्येक ठसा भरलेला येतो. वाळलेले शिक्के उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, सपाट ठेवावेत. पारदर्शक शिक्के त्यांच्या मूळ प्लास्टिकच्या पानावर परत लावावेत, म्हणजे त्यांना धूळ चिकटत नाही.

चित्राला वार्निश देण्यापूर्वी किमान काही दिवस जाऊ द्यावेत. पेस्टचा थर जाड असेल तर अधिक थांबावे. वार्निश पाण्याचे असेल आणि चित्रात कोठेही डाय शाई किंवा जलरंग वरच्या थरात असेल, तर कुंचला फिरवताच तो भाग पसरतो. अशा वेळी आधी स्प्रे वार्निशचे दोन-तीन पातळ फवारे सुमारे ३० सेंमी अंतरावरून, उघड्या हवेत किंवा खिडक्या उघडून द्यावेत, प्रत्येक फवारा वाळू द्यावा आणि त्यानंतरच कुंचल्याने वार्निश लावावे. मॅट वार्निश घेतल्यास एम्बॉसिंगची चमकही दबते. ती राखायची असेल, तर तेवढ्या ठशांना कुंचल्याने वगळून बाकीच्या पृष्ठभागावर वार्निश लावावे.